फिरतीच्या कामात बॅटरी किती टिकते : दोन फोनच्या तुलनेचा माझा अनुभव

मी वाहन विम्याचा सर्वेक्षक आहे. अपघात झालेल्या गाडीची पाहणी करायची, तुटलेल्या प्रत्येक भागाचे फोटो घ्यायचे, चॅसिस क्रमांक दिसेल अशी चित्रफीत काढायची आणि हे सगळे स्थळ-वेळेच्या नोंदीसह तिथूनच ॲपवर चढवायचे, असे आमचे काम असते. सकाळी चाकण, दुपारी वाघोली आणि संध्याकाळी कात्रज असा दिवस असला की फोन हेच आमचे कार्यालय होते. पाहणी अर्धवट असताना बॅटरी उतरली, तर गाडीमालकाला पुन्हा बोलवावे लागते आणि गॅरेजवाल्याला ती गाडी न उघडता तशीच ठेवावी लागते. म्हणूनच आमच्याकडे तिसरे भागीदार रुजू झाले आणि त्यांच्यासाठी फोन घ्यायची वेळ आली, तेव्हा कॅमेऱ्याच्या आधी बॅटरीचा निकाल लावायचा असे आम्ही ठरवले. माझ्याकडे गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा होता आणि भागीदार बाईंकडे आयफोन १६ प्रो मॅक्स. दोन्ही साधारण एकाच सुमारास घेतलेले होते. सव्वा लाखाच्या पुढचा खर्च असल्यामुळे ऐकीव माहितीवर निर्णय घ्यायची आमच्यापैकी कोणाचीच तयारी नव्हती.

सुरुवात आम्ही कंपन्यांनी दिलेल्या आकड्यांपासून केली आणि तिथेच अडलो. सॅमसंग बॅटरीची क्षमता ५००० मिलीॲम्पिअर-तास सांगते आणि चित्रफीत सलग ३१ तासांपर्यंत चालेल असे म्हणते. ॲपल आपल्या तांत्रिक तपशिलात मिलीॲम्पिअर-तासांचा आकडा देतच नाही, चित्रफितीचे मात्र ३३ तास सांगते. हे तास प्रत्येक कंपनीने स्वतःच्या चाचणीत, स्वतः ठरवलेल्या परिस्थितीत मोजलेले असल्यामुळे ते एकमेकांशेजारी मांडण्यात फारसा अर्थ नाही. शिवाय साठवलेली चित्रफीत पाहणे हे फोनच्या दृष्टीने हलके काम असते, कारण ते उलगडण्यासाठी प्रोसेसरमध्ये वेगळी सोय असते आणि नेटवर्कचा भाग जवळजवळ स्वस्थ असतो. आमच्या कामात कॅमेरा, जीपीएस, उन्हातला स्क्रीन आणि डेटा चढवणे, हे चारही एकदम चालतात.

मिलीॲम्पिअर-तास या मापातही अर्धीच माहिती असते. बॅटरीत किती ऊर्जा आहे हे कळण्यासाठी त्याला व्होल्टेजने गुणावे लागते. सुमारे ३.९ व्होल्ट धरले तर ५००० मिलीॲम्पिअर-तास म्हणजे १९ ते २० वॉट-तास होतात. हे लक्षात आल्यावर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून मी यूएसबी-सी तारेच्या मध्ये बसणारा एक छोटा मीटर आणला, जो चार्जिंग करताना फोनमध्ये किती वॉट-तास गेले ते दाखवतो. या मीटरमुळे आमच्या तुलनेचे स्वरूपच बदलले. स्क्रीनवरची टक्केवारी हा फोनने स्वतः बांधलेला अंदाज असतो आणि १०० वरून ९९ वर यायला लागणारा वेळ ५० वरून ४९ वर यायला लागेलच असे नसते. दिवसभर दोन्ही फोनवर तेच काम करायचे, संध्याकाळी दोन्ही एकाच चार्जरवर पूर्ण भरायचे आणि आत गेलेली ऊर्जा लिहून ठेवायची, असे केल्यावर फोन किती खातो आणि त्याच्या टाकीत किती मावते हे दोन प्रश्न वेगळे झाले. चार्जिंगच्या वेळी दोन्ही फोन एअरप्लेन मोडवर आणि स्क्रीन बंद करून ठेवले. फोन पूर्ण बंद ठेवण्याचा मार्ग उपयोगाचा नव्हता, कारण तार लावताच आयफोन आपोआप सुरू होतो.

त्याआधी दोन्ही फोन समान पातळीवर आणण्यात बराच वेळ गेला आणि माझ्या मते तुलनेचा खरा भाग तोच आहे. ब्राइटनेसची पट्टी दोन्हीकडे मध्यावर ठेवली म्हणजे उजेड सारखा होतो असे नाही. त्यासाठी एका छायाचित्रकार मित्राचा प्रकाशमापक आणला, दोन्हीकडे कोरे पांढरे पान उघडले आणि काटा सारखा येईपर्यंत पट्ट्या सरकवल्या. ओएलईडी स्क्रीनवर काळा ठिपका जवळजवळ वीज खात नाही आणि पांढरा सर्वांत जास्त खातो, म्हणून दोन्हीकडे डार्क मोड बंद ठेवला; सतत दिसणारे घड्याळही बंद केले. सिमकार्डे एकाच कंपनीची घेतली आणि मधूनमधून त्यांची अदलाबदल केली. बॅटरीच्या प्रकृतीची माहिती मात्र दोघांकडून सारखी मिळत नव्हती. आयफोन उरलेली क्षमता टक्क्यांत आणि चार्जिंगची आवर्तने आकड्यात सांगतो, तर माझ्या फोनमध्ये सॅमसंग मेंबर्स ॲपकडून स्थिती चांगली असल्याचा शेरा तेवढा मिळाला. दोन्ही बॅटऱ्या धडधाकट आहेत एवढेच आम्ही त्यावरून धरले.

बाईंचा आग्रह होता की घरात बसून काहीही मोजायचे नाही. ‘अहो, वायफायवर सगळेच फोन टिकतात. चाकणच्या शेडमध्ये टिकला तर मला सांगा,’ असे त्या म्हणाल्या आणि ते अगदी योग्य होते. पत्र्याच्या शेडमध्ये रेडिओ लहरी आत शिरताना क्षीण होतात. मग टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोनला जास्त ताकदीने प्रक्षेपण करावे लागते आणि ५जी अधूनमधून सुटत असेल, तर तो ५जी आणि ४जी यांच्यात सारखा ये-जा करत राहतो. त्याच शेडमध्ये, त्याच गाडीचे तेवढेच फोटो चढवताना दोन्ही फोनचा खर्च उघड्या मैदानापेक्षा ठळकपणे वाढला आणि दोन्ही ४जीवर पक्के केल्यावर तो तितकाच ठळकपणे उतरला. या दोन फोनमधल्या फरकापेक्षा शेडच्या आत आणि बाहेर यांतला फरक मोठा होता. बॅटरीची तुलना करणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट आपल्या कामाच्या जागी पडताळून पाहावी असे मला मनापासून वाटते.

उन्हाचा परिणाम यानंतरचा. एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, आणि दुचाकीच्या हँडलवर नकाशा चालू ठेवून नगर रस्त्याने निघाले की कोणताही फोन तापतो. तापलेला फोन स्वतःला जपण्यासाठी स्क्रीन मंद करतो आणि चार्जिंग आवरते घेतो. आयफोन वापरण्यासाठी ॲपलने सांगितलेली भोवतालच्या तापमानाची मर्यादाच ० ते ३५ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आमचे उन्हाळ्यातले दुपारचे काम तिच्या बाहेरच पडते. उन्हातल्या वाचनीयतेत एस२५ अल्ट्राच्या काचेवरचा परावर्तन कमी करणारा थर उपयोगी पडला. प्रतिबिंब कमी दिसत असल्यामुळे सावलीत त्याचा ब्राइटनेस थोडा उतरवूनही चॅसिस क्रमांक नीट वाचता येत होता.

आकडे मांडल्यावर चित्र असे दिसले. रात्रभर नुसता पडून राहण्यात आयफोनने कमी ऊर्जा खाल्ली, फोटोंच्या दिवशीही संध्याकाळी तो किंचित पुढे असायचा, आणि लांब चित्रफितींच्या दिवशी दोघांत सांगण्यासारखा फरक उरला नाही. एवढ्यावरच थांबलो असतो तर निवड आयफोनची झाली असती. पण नव्या भागीदारांचा भाग रांजणगाव आणि शिरूरचा आहे. सकाळी निघाल्यावर ते रात्रीच घरी येतात आणि दुपारी जेवायला थांबतात तेवढ्या अर्ध्या तासातच त्यांना फोन चार्ज करता येतो. सॅमसंगच्या सांगण्यानुसार ४५ वॉटच्या चार्जरवर एस२५ अल्ट्रा सुमारे ३० मिनिटांत ६५ टक्क्यांपर्यंत जातो. ॲपल १६ प्रो मॅक्ससाठी २० वॉट किंवा अधिक क्षमतेच्या चार्जरवर ३५ मिनिटांत ५० टक्क्यांपर्यंत असे सांगते. जेवणाच्या वेळेत दोन्ही फोन लावून पाहिले, तेव्हा मीटरवरही सॅमसंगच पुढे राहिला.

त्यांच्यासाठी एस२५ अल्ट्रा घेतला. चार्जर खोक्यात येत नाही, म्हणून ४५ वॉटचा चार्जर आणि ५ ॲम्पिअरची तार वेगळी घेतली, कारण साध्या तारेवर हा फोन तेवढा वेग धरत नाही. दुपारी घरी येणाऱ्या बाईंनी आपला आयफोनच ठेवला आहे. कार्यालयातल्या दिवशी तिन्ही फोनवर चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवतो, फिरतीच्या आदल्या रात्री ती १०० वर नेतो, आणि चाकणच्या शेडमध्ये पाऊल टाकण्याआधी फोन ४जीवर घेतो.