आधी कॅप्सूल, मग भाकरी

आज नवी पेठेत तीन दुकानं पालथी घातली तेव्हा कुठं पेनिसिलामाइन मिळालं. पहिल्यानं "पेनिसिलिनच ना?" म्हणत भलतीच स्ट्रिप पुढं केली. नाही हो मालक, दोन्हीत फरक आहे!

नवीन मित्रांसाठी सांगते. मला विल्सन डिसीज आहे. आई-बाबा दोघंही ठणठणीत, पण दोघांकडून एकेक बिघडलेलं जीन माझ्या वाट्याला आलं. त्यामुळं माझ्या लिव्हरला जास्तीचं तांबं बाहेर टाकता येत नाही. ते लिव्हरमध्ये, मेंदूत साठत जातं. ही कॅप्सूल त्याला पकडून लघवीवाटे बाहेर काढते. १९५६ साली जॉन वॉल्श या इंग्रज डॉक्टरांनी हे औषध पुढं आणलं. त्याआधी होती ती दुखरी इंजेक्शनं.

अट एकच, पोट रिकामं हवं. जेवणाआधी तासभर नाहीतर जेवणानंतर दोन तासांनी. दुपारी मावशीकडं पोचले आणि कॅप्सूल घेतली, तर तेवढ्यात ताट समोर! कडक भाकरी, दही, शेंगाची चटणी. सोलापुरात जन्मून शेंगा वर्ज्य, यापेक्षा मोठी शिक्षा नाही (त्यात तांबं भरपूर असतं).

"मावशी, तासभर थांब. आणि चटणी नको."

"चिमूटभरानं काय होतंय गं? बरं, पाणी तरी पी," म्हणत तिनं तांब्याचा लोटा पुढं केला. रात्रभर भरून ठेवलेला, खास माझ्या तब्येतीसाठी.

दोघी मिनिटभर त्या लोट्याकडं बघत बसलो. मग तीच आधी हसली आणि स्टीलचा पेला शोधायला उठली.