खऱ्या फोनवर विश्वास कोण ठेवणार?

युद्ध पेटण्याआधीचे काही तास कागदावर रचायचे, हे माझं काम. परराष्ट्र खात्यातले मधल्या फळीतले अधिकारी, लष्करातले कर्नल-ब्रिगेडियर आणि एखाददुसरे निवृत्त राजदूत यांना दोन खोल्यांत बसवायचं, प्रत्येक खोलीला एक काल्पनिक देश द्यायचा आणि दिवसभर त्यांच्यावर संकटं सोडत राहायचं. या सरावाला टेबलटॉप म्हणतात. संकटाची प्रत्येक चिठ्ठी म्हणजे एक इंजेक्ट. तिसऱ्या खोलीत आम्ही, म्हणजे कंट्रोल. हवामान, वर्तमानपत्रं, उपग्रह, हेर, मित्रदेशांचे फोन, सगळं आम्हीच. 'इथले देव आपणच,' असं आमचे प्रमुख नव्या माणसाला सांगतात. देवांना दुपारी तीनपर्यंत जेवायला उठता येत नाही, हे मात्र सांगत नाहीत.

जे बोललं गेलं ते बाहेर सांगायला हरकत नाही, पण कोण बोललं ते सांगायचं नाही, हा चॅटहॅम हाउसचा नियम आम्ही पाळतो. त्यामुळे पुढे माणसांना नावं नाहीत.

त्या दिवशीचे देश होते 'उत्तर' आणि 'दक्षिण'. शेजारी, दोघांकडे अण्वस्त्रं, सीमेवर आठवडाभर तणाव. सरावाचा विषय होता नवं तंत्रज्ञान आणि संकटातली मुत्सद्देगिरी. सकाळचा पहिला इंजेक्ट मी जवळजवळ जसाच्या तसा खऱ्या घटनेवरून उचलला होता. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरत असतानाच, केए-सॅट या उपग्रहाच्या इंटरनेट सेवेवर सायबर हल्ला झाला. उपग्रहाला हातही न लावता जमिनीवरचे हजारो मोडेम निकामी केले गेले. झळ युक्रेनपुरती राहिली नाही. जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांशी दुरून ठेवलेला संपर्क तुटला. आमच्या खेळात दक्षिणचे मोडेम गेले आणि मित्रदेशाची रुग्णालयं अडकली. तासभर दोन्ही खोल्यांत 'हा सशस्त्र हल्ला मानायचा का' यावर खल झाला. चर्चा चांगली होती, पण तिच्यात नवं काही नव्हतं.

खरा सापळा अकरा वाजता लावला होता. उत्तरच्या पंतप्रधानांच्या आवाजातली एक ध्वनिफीत समाजमाध्यमांवर फिरू लागते : 'सीमेवर कूच करा.' आवाज बनावट. यावरून दक्षिणचा गट चवताळेल आणि मग दुपारी आपण त्यांना डीपफेकचे धडे देऊ, अशी कंट्रोलची योजना होती.

दक्षिण चवताळली नाही. त्यांच्या गटाच्या प्रमुख, म्हणजे पंतप्रधानांच्या भूमिकेतल्या परराष्ट्र खात्यातल्या एक बाई, शांतपणे म्हणाल्या, 'युद्धाचा हुकूम कुणी चावडीवर देत नाही. खोटं आहे.' त्यांनी दोन ओळींचं निवेदन काढलं आणि पुढच्या विषयाला हात घातला. मार्च २०२२ मध्ये झेलेन्स्कींचा 'शस्त्रं खाली ठेवा' सांगणारा बनावट व्हिडिओ असाच काही तासांत आपटला होता. तो बऱ्यापैकी ओबडधोबड होता हे खरं, पण युक्रेनने असा व्हिडिओ येऊ शकतो असा इशारा आधीच देऊन ठेवला होता, हेही तितकंच महत्त्वाचं. आमचा दक्षिणचा गटही तसाच तयार होता. कंट्रोलमध्ये आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सापळा रिकामाच राहिला होता.

मग साडेबाराचा इंजेक्ट आला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

उत्तरच्या एका तळावर देखभाल चालू असताना क्षेपणास्त्र चुकून सुटतं. हेही खऱ्या घटनेवरूनच. ९ मार्च २०२२ रोजी भारताचं ब्रह्मोस असंच सुटलं आणि पाकिस्तानच्या पंजाबात मियां चन्नूजवळ पडलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. भारताने जाहीर खुलासा केला दोन दिवसांनी, ११ मार्चला. ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. लगेच का कळवलं नाही, ही पाकिस्तानची मुख्य तक्रार होती. सराव लिहिताना मी नेमकं तेच उलटं केलं. आमच्या उत्तरला क्षेपणास्त्र सुटल्यासुटल्याच कळतं आणि फोन करायला त्यांच्या हातात चार मिनिटं असतात.

उत्तरचे पंतप्रधान झाले होते एक निवृत्त राजदूत. आयुष्यभर अवघड फोन केलेला माणूस. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता दक्षिणच्या खोलीत फोन लावला. आम्ही कंट्रोलमध्ये ऐकत होतो.

'आमचं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलंय. त्यावर स्फोटकं नाहीत. चार मिनिटांत तुमच्या हद्दीत पडेल. कृपा करून प्रत्युत्तर देऊ नका.'

पलीकडून बाई म्हणाल्या, 'हे तुम्हीच बोलताय, हे मी कशावरून मानू?'

'अहो, सकाळी आपण एकत्र चहा घेतलाय!'

'उत्तरच्या पंतप्रधानांनी माझ्याबरोबर चहा घेतलेला नाही.'

कंट्रोलमध्ये हशा पिकला, पण तेवढ्यापुरताच. राजदूतांनी मग गेल्या वर्षीच्या गुप्त भेटीचा दाखला दिला. त्या भेटीची माहिती दोन्ही गटांच्या कागदपत्रांत होती. बाई म्हणाल्या, सकाळी आमची यंत्रणा फोडली गेली, ते टिपण आता कुणाच्याही हातात असेल. राजदूतांनी व्हिडिओवर यायची तयारी दाखवली. व्हिडिओ तर आवाजाइतकाच सहज बनतो, असं उत्तर आलं. आमचा राजदूत तुमच्या परराष्ट्र खात्यात पाठवतो, असं ते म्हणाले. तो पोचायच्या आधी क्षेपणास्त्र पोचेल, हे दोघांनाही ठाऊक होतं. आवाज चढत गेला. अभिनय कुठे संपला आणि खरा संताप कुठे सुरू झाला ते मला नेमकं सांगता येणार नाही, पण रिसीव्हर आपटला गेला तो खराच.

दक्षिणच्या खोलीत एक साधन होतं, आवाज खरा की बनावट ते तपासणारं सॉफ्टवेअर. खेळात ते आम्हीच चालवायचो आणि कसं, ते आता सांगतो : दहा पैलूंचे दोन फासे टाकून. पहिला दशकाचा, दुसरा एककाचा. बनावट आवाज शंभर टक्के ओळखणारं साधन अजून कुणाकडे नाही, तेव्हा खेळातही ते बेभरवशाचंच असावं, एवढाच हेतू. नियमावलीत 'साधनाचं उत्तर कंट्रोल ठरवेल' असं स्पष्ट लिहिलं होतं. आमच्या सहकाऱ्याने फासे टाकले. आठ आणि दोन. चिठ्ठी गेली : 'बनावट असण्याची शक्यता ८२ टक्के.'

त्या चिठ्ठीनंतर खोलीतली चर्चा थांबली. ८२ हा आकडा फळ्यावर लिहिला गेला. कुणीतरी त्याभोवती गोल काढला. पुढच्या मिनिटाभरात हवाई संरक्षण सज्ज करण्याचे, वैमानिकांना विमानांत बसवण्याचे आणि क्षेपणास्त्रांच्या गाड्या तळांबाहेर काढून पांगवण्याचे आदेश निघाले. त्यांचा तर्क सरळ होता : फोन बनावट असेल तर कुणीतरी आपल्याला गाफील ठेवू पाहतंय. म्हणजे येतंय ते एकटं नाही आणि रिकामंही नाही.

क्षेपणास्त्र एका शेतात पडलं. स्फोट नाही, जीवितहानी नाही.

एवढ्यावर निभावेल असं मला वाटलं होतं. पण आता उत्तरच्या उपग्रहांना दक्षिणच्या गाड्या तळांबाहेर पडताना दिसल्या आणि ती माहिती देणारी चिठ्ठी मीच पाठवली, कारण नियमानुसार ती जाणं भाग होतं. उत्तरच्या खोलीतले ब्रिगेडियर म्हणाले, 'आपण खरं सांगितलं आणि ते लढायला निघाले.' त्यांनीही आपल्या गाड्या काढल्या. दोन्हीकडे तरबेज माणसं, एकानेही अविचारी आदेश दिला नव्हता आणि तरी सव्वा वाजता आम्ही जिथे होतो तिथून अणुयुद्ध फार लांब नव्हतं.

गाडी रुळावर आली ती दक्षिणच्या हवाई दलप्रमुखामुळे. तोवर ते फारसं बोललेच नव्हते. 'एकच आलं,' ते म्हणाले. 'पडून अर्धा तास झाला. दुसरं नाही. एका क्षेपणास्त्राने कुणी युद्ध सुरू करत नसतं.' पेत्रोव्ह यांचं नाव त्या खोलीत कुणी काढलं नाही, मला मात्र तेच आठवले. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत इशारा यंत्रणेने अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं येताना दाखवली, तेव्हा लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी हीच शंका घेतली होती : खरा हल्ला करणारे पाचच का सोडतील? ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. दक्षिणने गाड्या परत बोलावल्या. का, ते मात्र उत्तरला कळवलं नाही. फोनवरचा विश्वास उडालेला तो उडालेलाच होता.

दुपारच्या डीब्रीफमध्ये, म्हणजे सरावानंतरच्या चर्चेत, आम्ही फाशांचं सांगितलं. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, 'साधन तुम्ही चालवताय हे मला माहीत होतं. पण आकडा आला की तो तुमचा राहत नाही.' मला वाटतं, दिवसभरातलं सगळ्यात खरं वाक्य हेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये बायडेन आणि शी जिनपिंग लिमामध्ये भेटले, तेव्हा अण्वस्त्रं वापरायचा निर्णय माणसाच्याच ताब्यात राहिला पाहिजे यावर दोघांचं एकमत झालं. चांगलंच झालं. पण आमच्या खोलीतही निर्णय माणसाच्याच ताब्यात होता. शेवटचा शब्द माणसाचा, फक्त तो दोन फाशांवर टेकलेला.

मग वाद रंगला. तंत्रज्ञान सल्लागार म्हणून आलेल्या तरुणाचं म्हणणं होतं की उपाय सोपा आहे, प्रत्येक संदेशावर डिजिटल सही लावा. जाहीर ध्वनिफितींसाठी त्याचं म्हणणं मला पटतं. पण सिग्नल्सच्या, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन विभागातल्या, एका मेजरने त्याला अडवलं. सहीवरून ती ज्या गुप्त डिजिटल किल्लीने केली ती किल्ली खरी आहे एवढंच कळतं, ती कुणाच्या हातात आहे ते कळत नाही; आणि यंत्रणा सकाळीच फुटलेली असेल तर पहिला संशय किल्लीवरच जाणार. मग त्यांनी हॉटलाइनची गोष्ट सांगितली.

१९६२ च्या क्युबा पेचप्रसंगात वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांच्या सांकेतिक तारा न्यायला वेस्टर्न युनियनचा पोऱ्या सायकलवरून यायचा. तो वाटेत कुठे रेंगाळू नये, एवढीच प्रार्थना दोब्रिनिन करू शकत होते. त्या अनुभवातून २० जून १९६३ रोजी जिनिव्हात करार झाला आणि मॉस्को-वॉशिंग्टन थेट दुवा उभा राहिला. लोकांच्या डोळ्यांसमोर लाल टेलिफोन येतो, पण तो टेलिफोन नव्हताच. टेलिप्रिंटर होता. बोलण्याच्या ओघात गैरसमज होऊ नये म्हणून मुद्दामच लेखी ठेवलेला. त्याच्यावरून दर तासाला आलटून पालटून चाचणीचे संदेश जात : साहित्यातले उतारे, प्रथमोपचाराच्या पुस्तकातले परिच्छेद. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात तो पहिल्यांदा खऱ्या कामासाठी वापरला गेला, तेव्हा त्याच्या मागे चार वर्षांचा कंटाळवाणा पत्रव्यवहार उभा होता. 'ओळख पटवायची वेळ संकटात येते,' मेजर म्हणाले, 'पण पटवण्याचं काम आधीच्या निरुद्योगी दिवसांत करून ठेवावं लागतं.'

राजदूतांनी नोव्हेंबर २००८ ची आठवण काढली. मुंबईवरचा हल्ला चालू असताना तेव्हाचे परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी असल्याचं भासवून कुणीतरी पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झरदारी यांना धमकीचा फोन केला होता. पाकिस्तानी हवाई दल सज्ज केलं गेलं. आपण असा फोन केलाच नाही, असं मुखर्जींनी नंतर सांगितलं. तेव्हा आवाज बनवणारं कुठलंही सॉफ्टवेअर लागलं नव्हतं. धीट माणूस आणि संकटाची घाई, एवढ्यावर भागलं. राजदूतांचा त्यावरचा शेरा मला आवडला : 'तेव्हा खोटा फोन खरा मानला गेला, आज माझा खरा फोन खोटा ठरला. दुसरं जास्त वाईट. खोट्याचा खुलासा तरी करता येतो.'

त्यानंतर सरावात आम्ही दोन बदल केले. संकट सुरू व्हायच्या आधी दोन्ही गटांना अर्धा तास शांतता देतो. एकमेकांशी काय ठरवायचं ते ठरवा. बहुतेक गट हा अर्धा तास संयुक्त निवेदनाच्या मसुद्यावर घालवतात आणि 'चिंता' की 'तीव्र चिंता' इथे अडकतात. एका गटाने मात्र लेखी दुवा मागून घेतला, चाचणीच्या संदेशांचं वेळापत्रक आखलं आणि रात्रीच्या पाळीत कुणी बसायचं यावरून भांडणही केलं. त्या दिवशी साडेबाराचा इंजेक्ट आला, उत्तरने त्याच दुव्यावरून तीन ओळी पाठवल्या आणि दक्षिणने एकही गाडी काढली नाही.

दुसरा बदल फाशांचा. साधन आता टक्के देत नाही. 'खरा', 'बनावट' किंवा 'सांगता येत नाही', एवढंच सांगतं आणि बहुतेक वेळा तिसरंच सांगतं. तरीही दर सरावात दक्षिणच्या खोलीतून कंट्रोलला एक चिठ्ठी येतेच : 'सांगता येत नाही, हे समजलं. पण साधारण किती टक्के?'