सोलापुरात बसून ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’

भैय्या चौकातून रोज जाणाऱ्या किती जणांनी कोटणीस स्मारक, म्हणजे चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता तिकडेच गेलेल्या आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक, आतून बघितलंय हा प्रश्न मी विचारतच नाही, उत्तर आपल्या सगळ्यांना माहितीये. कधीतरी शाळेची सहल जाते, पुण्यतिथीला हार पडतो, चीनहून पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, आणि मग आपण परत हॉर्न वाजवत तिथून पुढे. आणि त्यांच्यावरचा सिनेमा? व्ही. शांतारामांचा, १९४६ चा? नाव सगळ्यांना पाठ, पण पूर्ण बघितलेला माणूस शोधून सापडायचा नाही.

तर डिसेंबरात त्याचा एक स्पेशल शो झाला, काही सिनेमावेडी पोरं आणि दोनतीन रिटायर्ड मास्तर मंडळी यांनी मिळून केलेला. मित्राचा मेसेज आला, “कोटणीसांचा पिच्चर दाखवायलेत, येतो का बे”. गेलो. हॉल छोटा, खुर्च्या प्लॅस्टिकच्या, प्रोजेक्टर कुणाच्या तरी ऑफिसातून आणलेला. सहाचा शो आणि सात वाजेपर्यंत सत्कार चालू, शाल श्रीफळ काय, प्रास्ताविक काय, आपल्याकडे सत्काराशिवाय काहीच सुरू होत नाही ते एक असो. पण एका मास्तरांनी मोजक्या वेळात जे सांगितलं ते कामाचं होतं. १९३८ ला काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टर पाठवले, अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. जपाननं चीनवर हल्ला केलेला, तिकडच्या जनरल झू द यांनी नेहरूंकडे मदत मागितली होती, आणि सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. पाचातले चार परत आले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी जे परत आले नाहीत त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, त्यावरून हा सिनेमा.

पोस्टरवर ‘इंडिपेंडंट क्रॉस-कल्चरल क्लासिक’ असं छापलेलं, ते वाचून आधी हसू आलं, शांताराम आणि इंडिपेंडंट? पण विचार केला तर फार चूक पण नाही. १९४२ ला माणूस प्रभात सोडून बाहेर पडला, मुंबईत स्वतःचं राजकमल काढलं, आणि त्या नव्या बॅनरवर चारच वर्षांत चीनमधल्या युद्धाचा सिनेमा. दिग्दर्शक स्वतः, हिरो स्वतः, हिरॉईन स्वतःची बायको. वर त्याचं इंग्रजी व्हर्जन पण काढलं, बाहेरच्या देशांसाठी. आज कुणी असं करतो म्हणाला तर त्याला घरचे डॉक्टरकडे नेतील.

आता हिरॉईनचं. जयश्रीबाई चिनी मुलगी झाल्यात, चिंग लान, म्हणजे खऱ्या आयुष्यातल्या ग्वो चिंगलान, नर्स होत्या त्या. डोळ्यांचा मेकअप, लाडिक तुटक हिंदी, आणि जनरल कोण तर आपले बाबूराव पेंढारकर! मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं फिसफिस हसायला लागली आणि खरं सांगायचं तर हसण्यासारखं आहेच. आज असा मेकअप कुणी केला तर दुसऱ्या दिवशी माफी मागावी लागेल, आणि मागावीच. पण मला गंमत वाटली ती वेगळीच. कोटणीस आणि चिंगलान यांचं लग्न १९४१ चं, शांताराम आणि जयश्रीचं पण १९४१ चंच. म्हणजे पडद्यावर चिनी नवरी बघून जो भावुक होतोय तो नवरा खरोखरच तिचा नवा नवरा आहे, त्यामुळे असेल, त्यांचे दोघांचे सीन अजूनही जिवंत वाटतात. मेकअप विसरायला होतो, निदान मला झालं.

पटलं नाही ते प्लेगचं. सिनेमात कोटणीस प्लेगशी लढतात आणि शेवटी प्लेगच त्यांना गाठतो. खरं काय झालं तर त्यांना फिट्स यायला लागल्या होत्या, एपिलेप्सी, तरी काम थांबवलं नाही, आणि ९ डिसेंबर १९४२ ला गेले, वय फक्त ३२. चीनमध्ये येऊन काम केलेले कॅनडाचे सर्जन डॉ. बेथून, त्यांच्या नावाच्या हॉस्पिटलचे ते प्रमुख होते, डोंगराळ भाग, औषधांची बोंब, आठव्या रूट आर्मीचे, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या फौजेचे जखमी सैनिक येतायत आणि हा सोलापूरचा पोरगा ऑपरेशनं करतोय. त्याआधी इकडे वडील गेले, ती बातमी त्यांना तिकडेच कळली, तरी परत आले नाहीत. यात अजून काय मसाला घालायचा? मी हे नंतरच्या चर्चेत बोललो तर एक आजोबा म्हणाले, “अहो, १९४६ च्या प्रेक्षकाच्या घरात कुणी ना कुणी प्लेगनं गेलेलंच असायचं, फिट आली म्हणून हिरो गेला हे त्याला दाखवणार कसं?” त्यांचा मुद्दा बरोबर आहे. तरी मला खरा मृत्यू जास्त मोठा वाटतो, आणि सिनेमानं तो लपवला याचा थोडा राग आहेच.

पण शेवट. शेवटाला मी काही बोलू शकत नाही. मरणाच्या दारात असलेला कोटणीस बायकोला सांगतोय की तू बाळाला घेऊन माझ्या घरी जाशील तेव्हा कसं कसं होईल, कोण कसं तुझं स्वागत करील, आणि पडद्यावर ती खरंच येतेय, त्याचा आवाज मागे चालूच. दिल्ली मुंबईत बघणाऱ्याला तो छान मेलोड्रामा वाटेल. आम्ही जिथे बसलो होतो तिथून ते घर, म्हणजे आजचं स्मारक, रिक्षानं जाण्याइतक्या अंतरावर. फिसफिसणारी पोरं एकदम गप. माझ्या पुढच्या काकू तर पदरानं डोळे पुसायला लागल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या, “सून आली की हो शेवटी”.

यातली खरी गोष्ट मला घरी येऊन तारखा जुळवताना लक्षात आली, सिनेमा रिलीज झाला तेव्हा खरी चिंगलान भारतात आलेलीच नव्हती. शांतारामांनी तिचा गृहप्रवेश आधीच करून टाकला, खरा व्हायच्या कितीतरी वर्षं आधी. पुढे त्या आल्या, एकदा नाही बऱ्याच वेळा, कोटणीसांच्या घरच्यांना भेटल्या, नातं शेवटपर्यंत टिकवलं, २०१२ ला वारल्या. मुलगा यिनहुआ मात्र १९६७ मध्येच गेला, डॉक्टरकीचं शिक्षण घेत असताना. सिनेमातलं ते बाळ बघताना हे माहिती असेल तर फार जड जातं, म्हणून आयोजकांनी आधी सांगितलं नाही ते बरंच केलं.

चर्चेत शेवटी मागणी आली की आता चिनी सिनेमा दाखवा. त्यांनी पण १९८२ ला कोटणीसांवर सिनेमा काढलाय, तिकडे त्यांना को दिहुआ म्हणतात. त्यावर कुणीतरी म्हणालं, चिनी भाषा, सबटायटल वाचत कोण बसणार. सोलापुरात! जिथे एकाच गल्लीत तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी चारी चालतात आणि अर्धं पब्लिक तेलुगू पिच्चर तसाच बघून शिट्ट्या मारून येतं! मास्तर म्हणाले प्रिंट मिळाली तर बघू. मिळाली तर मला पहिल्या रांगेत जागा ठेवा, फक्त सत्कार शो संपल्यावर करा. आणि ज्यांचा हा शो हुकला त्यांच्यासाठी, आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट साठ वर्षांचा, म्हणजे १९४६ चा हा केव्हाच मोकळा झालाय, नेटवर शोधला की सापडतो. प्रिंट खराब आहे, आवाज मध्येच बसतो, पण वसंत देसाईंच्या म्युझिकसाठी तरी हेडफोन लावून बघा.