तेरा वेढे

दिवाळीच्या आठवडाभर आधीची गोष्ट. रब्बीच्या ओलिताचा सिझन, म्हणजे माझ्या मोटर-रिवाइंडिंगच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. तीन एचपी, पाच एचपीच्या जळक्या सबमर्सिबल ओळीनं पडलेल्या. तेवढ्यात पुतण्या आला आणि काउंटरवर पेढ्याएवढी एक मोटर ठेवली.

"मोठेबाबा, ही आमच्या मॉडेल विमानाची मोटर जळली. परवा कॉलेजात कॉम्पिटिशन आहे. होईल का?"

मी आधी नाकाला लावली. मोटर केवढीही असो, वार्निश जळाल्याचा वास एकच. मग चष्मा चढवून वाचलं : ए-२२१२, १३टी, १००० केव्ही. हजार केव्ही? कोराडीच्या वीज केंद्रातून निघणारी टॉवरची लाइनसुद्धा ४०० केव्हीची असते आणि हे पोट्टं खिशातून हजार केव्ही काढून राहिलं! पुतण्या पोट धरून हसला. हा केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नाही. एका व्होल्टला, लोड नसताना, मिनिटाला किती फेरे, तो आकडा. अकरा व्होल्ट दिले की अकरा हजार फेरे.

"बरं, मग १३टी म्हणजे काय?"

"मॉडेल नंबर असन."

"मॉडेल नंबर नाही बे, वेढे आहेत. मोज."

आतल्या लोखंडी चक्राच्या एका दाताची वायर त्यानंच उलगडली. बरोबर तेरा निघाले. आता हसायची पाळी माझी. याच मोटरचा १०टी प्रकार १४०० केव्हीचा आणि ६टी २२०० केव्हीचा येतो, कारण वेढे कमी केले की फेरे वाढतात. तीस वर्षं मी वेढेच भरत आलो, फक्त चोवीस आणि छत्तीस स्लॉटच्या (खाचांच्या) स्टेटरमध्ये, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागात. इथं बारा स्लॉट आणि बाहेरून फिरणाऱ्या वाटीत चौदा मॅग्नेट. तीन वायरी बाहेर आलेल्या. उलटी फिरली तर कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करायच्या, शेतातल्या थ्री फेज पंपासारखंच. रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून चिमट्यानं वेढे भरले. बोटं जाड, वायर केसासारखी, दोनदा तुटली. साडेअकराला मोटर फिरली. पंख्याचा वारा तोंडावर आला आणि मी तिथंच गेलो कामातून.

कारण हा वारा मला नवीन नव्हता. १९९० साली मी एनसीसीच्या एअर विंगला होतो. तिथं कंट्रोल लाइनची विमानं उडवायचो : आपण मधे उभं राहायचं, विमान दोन तारांवर भोवती फिरणार, सोबत आपणही गरगर. पुढे वायुसेनेतून रिटायर झालेल्या एका काकांनी रेडिओवरचं विमान शिकवलं. बाल्साचं लाकूड, ४० नंबरचं ग्लो इंजिन, मिथेनॉलमध्ये एरंडेल कालवलेलं इंधन. घरी गेलो की आई शर्ट बादलीत टाकायच्या आधी नाक मुरडायची. रेडिओत चॅनल ठरवणारे क्रिस्टल असायचे. एकाच चॅनलवर दुसऱ्या कोणी स्विच टाकला, की तुमचं विमान देवाच्या भरवशावर. १९९८ मध्ये दुकान घेतलं, तेव्हा इंजिन आणि रेडिओ दोन्ही विकले. त्याबद्दल फार लिहीत नाही.

तर पुन्हा सुरू करायचं ठरलं, आणि पहिली चूक मी मनातल्या मनात केली. मोबाइलवर दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँगचं दीड मीटर पंखाचं मॉडेल बघून ठेवलं. आपण काय नवशिके थोडीच! पुतण्या म्हणाला, "मोठेबाबा, शेवटचं कधी उडवलं?" मी वर्ष सांगितलं. तो म्हणाला, "तेव्हा मी जन्मलो पण नव्हतो." मस्टँग तिथंच राहिली. खालचा पंख, वेग थोडा कमी झाला की एका बाजूला कोसळते, आणि नवशिका नेमका तिथंच वेग कमी करतो.

घेतलं ते असं : वरच्या पंखाचं, सव्वा मीटरचं, ईपीओ नावाच्या चिवट फोमचं ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान. पंख टोकांकडे किंचित वर उचललेले, त्यामुळे हात सोडला तर विमान आपोआप सरळ व्हायला बघतं. साध्या थर्माकोलला फेविक्विक लावलं तर तो विरघळतो, ईपीओ विरघळत नाही. ही गोष्ट माझ्यासाठी इंजिनाच्या मेकपेक्षा महत्त्वाची, कारण विमान पडणार हे नक्की. मोटर तीच, मीच भरलेली (पुतण्याला बदल्यात नवीन घेऊन दिली). सोबत ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि तीन सेलची २२०० एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. बॅटरीवर २५सी लिहिलं होतं, म्हणजे क्षमतेच्या २५ पट करंट देईल. २.२ गुणिले २५, म्हणजे कागदावर ५५ अँपिअर. मोटर ओढते पंधराच्या आसपास. भरपूर झालं. जास्त सी घेऊन फक्त वजन वाढतं.

पुतण्याचा एका गोष्टीवर हट्ट होता. जायरो लावा, विमान स्वतःच सांभाळून घेतं. मी नाही लावला. विमान सांभाळायला तर मी चाललो होतो ना!

रेडिओ मात्र जरा विचारानं घेतला. विमानं मोडतात, रेडिओ राहतो, म्हणून पैसे टाकायचे तर तिथं. फ्लायस्काय कंपनीचा सहा चॅनलचा एफएस-आय६ घेतला. ट्रेनरला चारच चॅनल लागतात. २.४ गिगाहर्ट्झ असल्यामुळे क्रिस्टलची भानगड संपली. दहा जणांनी एकत्र चालू केले तरी प्रत्येकाचं विमान फक्त त्याचाच रेडिओ ओळखतं. हे समजल्यावर मला काकांचा तो मैदानातला लाकडी बोर्ड आठवला, ज्यावर आपल्या चॅनलची कपड्यांची क्लिप अडकवल्याशिवाय स्विचला हात लावायची परवानगी नव्हती.

पण खरी भानगड रेडिओतच होती. काकांनी आम्हाला मोड वन शिकवलेला : उजव्या काडीवर थ्रॉटल (मोटरचा जोर) आणि एलेरॉन (पंख डावी-उजवीकडे झुकवणं), डाव्या काडीवर एलेव्हेटर (नाक वर-खाली) आणि रडर (शेपटीचं सुकाणू). आता दुकानात जो मिळतो तो मोड टू. थ्रॉटल डावीकडे, एलेव्हेटर उजवीकडे. मी म्हटलं, त्यात काय एवढं, लक्षात ठेवू.

जागा मिळवणं वेगळीच कसरत. पूर्वी आम्ही नागपूरच्या विमानतळाजवळ, सोनेगावकडच्या मोकळ्या जागेत उडवायचो. आज ते विसरा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत ग्रीन झोनच नाही, म्हणजे परवानगीशिवाय उडवायचं नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, त्यापुढे ४०० फुटांपर्यंत, तेही नकाशावर लाल-पिवळं काही नसेल तर. सरकारची डिजिटल स्काय वेबसाइट उघडून आधी बघून घ्यावं. आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, कळमेश्वरकडे शेत असलेले. त्यांचं सोयाबीन निघालं होतं, बाजूला तूर उभी. म्हणाले, "या ना भाऊ, मोटर तुम्ही भरून देता, वावर काय मोठी गोष्ट हाय?"

नोव्हेंबरचा पहिला रविवार, सकाळी सात. वारा नाही. बॅटरी पुढेमागे सरकवून बॅलन्स बघितला. पंखाच्या पुढच्या कडेपासून साडेपाच सेंटिमीटरवर दोन बोटं टेकवली की नाक किंचित खाली, हे मला आवडतं. पुतण्यानं हातातून फेकलं आणि काय सांगू, चढलं! पहिलं वळण झकास, कारण एलेरॉन दोन्ही मोडमध्ये उजवीकडेच असतं. वळणात नाक थोडं पडलं. मी वर ओढलं. म्हणजे माझ्या डाव्या अंगठ्यानं ओढलं.

डावीकडे आता थ्रॉटल होता. मोटर बंद. नाक आणखी खाली. मी आणखी जोरात ओढलं. बंद असलेली मोटर आणखी काय बंद होणार! दोन सेकंदांचा कारभार. पुतण्या ओरडला, "उजवा! मोठेबाबा, उजवा!" आणि विमान तुरीत गेलं.

पुरुषभर उंच तुरीत पांढरं विमान शोधायला पाऊण तास लागला. सापडलं तेव्हा ते झाडांवर अलगद टेकलं होतं, पंख शाबूत, पंखा मोडलेला, नाक दबलेलं. फेविक्विकच्या दोन ट्यूब. काळ्या मातीच्या भेगांवर पडलं असतं, तर गाठोड्यात बांधून आणावं लागलं असतं.

आय६ च्या मेनूत मोड बदलता येतो, आतली थ्रॉटलची पट्टी आणि स्प्रिंगही इकडची तिकडे करता येते. पुतण्या म्हणाला, करून टाका मोड वन. रात्रभर विचार केला आणि नाही केला. कारण साधं आहे. हवेत माझी फजिती झाली, तर रेडिओ त्याच्या हातात देता यायला पाहिजे, आणि त्याचे अंगठे मोड टूचे आहेत.

मग तीन आठवडे सिम्युलेटर. रेडिओ केबलनं लॅपटॉपला जोडायचा, बिलाच्या वह्या बाजूला सरकवायच्या आणि रोज रात्री अर्धा तास विमानं पाडायची. विमान आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं, त्यावर काकांचा जुना उपाय अजून चालतो : जो पंख खाली झुकला, काडी त्याच बाजूला न्यायची. डाव्या अंगठ्याला मात्र काही समजावता येईना. एकदा एक शेतकरी पंप न्यायला आले, दारात उभं राहून बघत होते. मी पडद्यावर विमान जमिनीत गाडलं. ते म्हणाले, "आमची मोटर तरी बरोबर भरली ना?"

बॅटरीबद्दल एक गोष्ट सांगतो, आपल्या नागपुरात ती जास्त लागू आहे. लिपो उन्हात उभ्या गाडीत ठेवायची नाही. मे महिन्यात तर विषयच नाही. भरून चार्ज करून आठवडाभर ठेवायचीही नाही. सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवायची, उडवायच्या दिवशी ४.२ पर्यंत न्यायची. मी चार्जिंग अंगणात, काठ फुटलेल्या माठात ठेवून करतो आणि तिथंच स्टूल टाकून बसतो. बायको आधी म्हणायची, "अहो, माठात काय शिजवून राहिले?" आता विचारत नाही.

डिसेंबरात पुन्हा गेलो. सहा मिनिटांचा टायमर लावला. दोन फेऱ्यांनंतर अंगठे बोलायचे थांबले. उतरवताना सोयाबीनच्या धसकटांत घसरत गेलं, पण उभं राहिलं. त्यानंतर नऊ वेळा उडवलं. पडलं तीनदा, तिन्ही वेळा तुरीत. संक्रांतीच्या आठवड्यात गेलोच नाही, कारण आभाळभर पतंगी आणि पंख्यात मांजा गुंतला की खेळ खलास.

मागच्या रविवारी शेतावर पोचलो, तर तूर कापून झालेली. वावर धुऱ्यापर्यंत साफ. मी बॅटरी लावत होतो. शेताचे मालक पेंढ्या मोजता मोजता थांबले आणि म्हणाले, "भाऊ, तूर तर निघाली. आता कशात पाडता?"