शेपू, बटाटा आणि वळिवड्याचे पोलिश

वळिवड्याच्या पोलिश कॅम्पविषयी आम्ही कोल्हापूरकर लहानपणापासून ऐकत आलोय. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने घरादारातून उचलून सैबेरियात नेलेली ही पोलंडची माणसं, बहुतेक बायका-मुलंच, १९४३ ते १९४८ या काळात इथं राहिली. सुमारे पाच हजार जण. महावीर गार्डनमधल्या त्यांच्या स्मारकापाशी गेले की एक प्रश्न हटकून मनात यायचा: ही माणसं आपल्या घरी जेवत काय असतील?

त्यामुळे शिकागोला भाचीकडे गेले, तेव्हा तिच्यामागे लागून मिलवॉकी अव्हेन्यूवरचं पोलिश बुफे गाठलं. त्या शहरात पोलिश वस्ती फार जुनी आणि मोठी.

आधी झुरेक घेतलं. राय या धान्याचं पीठ पाण्यात आंबवून केलेलं सूप, त्यात उकडलेलं अंडं आणि डुकराच्या मांसाचं पांढरं सॉसेज. तिखटाचा थेंब नाही, पण आंबटपणा असा खोल की पहिल्या चमच्यालाच जीभ जागी होते. आंबवणं हाच या स्वयंपाकाचा कणा आहे, हे तिथंच पटलं. लांबलचक हिवाळ्यात ताजी भाजी कुठली? म्हणून कोबी मीठ लावून मुरवायचा आणि महिनोन्‌महिने पुरवायचा. तोच कोबी मांसाबरोबर तासन्‌तास शिजवला की बिगोस. भाचीला तो आवडला नाही, मी मात्र परत वाढून घेतला.

पिएरोगी म्हणजे मैद्याच्या पारीची उकडलेली करंजी. आत बटाटा आणि ताजं चीज, वर लोण्यात परतलेला कांदा. बाकी भाजलेली मांसं वगैरे ठीकच.

पण मी थांबले ती उकडलेल्या बटाट्यांच्या ट्रेपाशी. लोण्याने चकाकणारे बटाटे आणि त्यावर बारीक चिरलेला हिरवागार शेपू! काकडीच्या कोशिंबिरीतही शेपूच, फक्त दह्याऐवजी आंबट साय. आमच्याकडे शेपूची भाजी म्हटली की निम्मं घर नाक मुरडतं. पण सैबेरियातून आलेल्या एखाद्या आईला इथल्या बाजारात शेपूची जुडी दिसली असेल, तर काय वाटलं असेल तिला? माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

पोलिश पाहुणे आजही आपल्या गावाशी नातं सांगत येतात. आपण त्यांना तांबडा-पांढरा आवडीने वाढतो, वाढावाच. पण ताटात एकदा पिएरोगीही असावेत असं मला फार वाटतं. मैदा, बटाटा, कांदा, लोणी सगळं इथं मिळतं. चीजच्या जागी घट्ट चक्का चालतो, फक्त दही कमी आंबट घ्या. घरी करून पाहिलेत, छान होतात. वळिवडे-गांधीनगर भागात कुणाच्या आजी-आजोबांनी कॅम्पातलं काही चाखलं असेल, तर मला जरूर कळवा.