चेक-इन बंद पडलेला शुक्रवार

१९ जुलै २०२४. एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. हा आकडा मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाचा. दुपारपर्यंत देशातल्या अनेक विमानतळांवर बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले जात होते. चाकणच्या कारखान्यात ट्रॅव्हल डेस्क माझ्याकडे होता. शुक्रवार हा परतीचा वार. आठवडाभर ग्राहकांच्या प्लँटवर राबलेले सर्व्हिस इंजिनीअर संध्याकाळच्या विमानांनी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरतात.

अशा वेळी सगळ्यात आधी लागते ती यादी: कोण कुठल्या शहरात आहे, कुठलं विमान, पीएनआर काय. एजन्सीमार्फत काढलेल्या तिकिटांची यादी पाच मिनिटांत मिळाली. मात्र ज्यांनी स्वतःच्या मोबाइलवर परस्पर बुकिंग केलं होतं, ते त्या यादीत नव्हते. त्यांचा पत्ता एकेका विभागप्रमुखाला फोन करून काढावा लागला आणि मोलाचा तास त्यात गेला. परस्पर बुकिंगचा दोष सगळा कर्मचाऱ्यांवर टाकणं मला पटत नाही. मंजुरीची मेल तीन टेबलांवर फिरते, तोवर भाडं वाढतं. मग माणूस स्वतःच्या कार्डावर तिकीट काढून मोकळा होतो.

एका विमान कंपनीने तर जाहीरच केलं होतं की तिकीट बदलणं आणि परतावा दोन्ही तूर्तास बंद. विमान कंपनीची प्रणालीच अडकल्यावर एजंटच्या हातातही काही उरत नाही. चेन्नईहून फोन आला, “मॅडम, तिकीट कॅन्सल करून टाकू का?” मी म्हटलं, “अजिबात नको. रांग सोडू नका.” प्रवाशाने रद्द केलं तर रद्द करण्याचं शुल्क कापलं जातं, कंपनीने उड्डाण रद्द केलं तर पूर्ण परतावा किंवा दुसरं विमान मिळतं. उड्डाण रद्द झाल्याच्या संदेशाचा स्क्रीनशॉट आणि हाती लिहिलेल्या पासचा फोटो लगेच ग्रुपवर टाकायला सगळ्यांना सांगितलं. क्लेमसोबत अकाउंट्सवाले बोर्डिंग पास मागतात आणि तो कागद खिशात चुरगळून जातो.

हैदराबादचा एकजण अजून शहरातच होता. सिकंदराबादहून पुण्याची शताब्दी दुपारी पावणेतीनच्या सुमारास सुटते. चार्ट लागल्यावर उरलेल्या जागा करंट बुकिंगमध्ये मिळतात. तिथे एक खुर्ची मिळाली आणि तो रात्री पुण्यात पोहोचला. शमशाबाद विमानतळावर अडकलेल्याला हा मार्ग नव्हता, तिथून स्टेशन गाठायलाच तासाहून जास्त लागतो. चेन्नईवाल्यांसाठी रेल्वे-बसचा नाद सोडला आणि सरळ हॉटेल घेतलं.

सगळ्यात अवघड निघाला गुवाहाटीचा प्रवास. पुणे-दिल्ली एका कंपनीचं तिकीट, दिल्ली-गुवाहाटी दुसऱ्या कंपनीचं, कारण तसं स्वस्त पडलं होतं. पहिलं विमान रखडलं की दुसऱ्या कंपनीची काहीच जबाबदारी नसते. दुसरं तिकीट वाया जातं. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असते तर पुढच्या विमानात जागा देणं विमान कंपनीवर आलं असतं. स्वस्ताईची खरी किंमत अशा दिवशी कळते.

हॉटेलांचे दर दुपारनंतर आमच्या मर्यादेबाहेर गेले. रात्री नऊ वाजता मंजुरीसाठी साहेबांना शोधत बसण्यापेक्षा अधिकार आधीच लिहून ठेवलेला बरा: व्यापक खोळंबा असेल तर एका रात्रीचं हॉटेल, जेवण आणि टॅक्सी मर्यादेच्या दीडपटीपर्यंत, बिल दाखवून. त्या दिवशी ही सूट एका मेलने मिळाली, पण ती येईपर्यंत दोघांनी विमानतळावरच्या खुर्च्यांवर वेळ काढला. घर सोडून कामासाठी गेलेल्या माणसावर ही वेळ येऊ नये.

कराचा हिशेब महिनाअखेरीला समोर येतो. हॉटेलच्या सेवेचं ठिकाण हॉटेल जिथे आहे तेच धरलं जातं. म्हणून चेन्नईच्या बिलावर तामिळनाडूचा राज्य जीएसटी लागतो आणि तिथे नोंदणी नसलेल्या पुण्याच्या कंपनीला त्याचं क्रेडिट, म्हणजे तो कर आपल्या देय करातून वजा करण्याची सोय, मिळत नाही. विमानाचं तसं नाही. बुकिंग करताना कंपनीचा जीएसटी क्रमांक दिला असेल तर क्रेडिट मिळतं. पण विमान कंपनीचं बिल जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे मिळणाऱ्या क्रेडिटच्या दरमहाच्या विवरणात, उतरलंय का, ते तपासावं लागतं. ७,५०० रुपयांच्या मूळ भाड्यावर इकॉनॉमीचा पाच टक्के कर म्हणजे ३७५ रुपये. परस्पर काढलेल्या तिकिटावर हा क्रमांक बहुधा नसतोच.

शेवटचं काम सर्वांत किचकट: परतावे. तिकिटाचे पैसे ज्या मार्गाने भरले, त्याच मार्गाने परत येतात. एजन्सीची तिकिटं एजन्सीच्या खात्यात जमा झाली, ताळा लगेच लागला. परस्पर काढलेल्यांचे पैसे मात्र कर्मचाऱ्यांच्या कार्डांवर गेले, आणि त्यातल्या काहींचा क्लेम आम्ही आधीच चुकता केला होता. तेव्हा पीएनआरनुसार तीन रकाने केले: क्लेम दिला का, परतावा आला का, पगारातून वळता करायचा का. तिसऱ्या रकान्यात काही लिहिण्याआधी त्या माणसाकडून कार्डाचं स्टेटमेंट मागवलं, कारण परतावा ‘मंजूर’ दिसला तरी पैसे जमा व्हायला बरेच दिवस लागतात आणि न आलेले पैसे पगारातून कापणं अन्यायाचं झालं असतं.