चिमणीला छपरावर बसवणारं गाव

एखाद्या गावाला बावळट म्हणा, ते भांडायलाच उठेल. जर्मनीतलं उल्म तसं नाही. तिथे गोष्ट सांगतात ती अशी : चर्चच्या बांधकामासाठी एक लांबलचक तुळई गाडीवर आडवी टाकून आणली, आणि ती काही केल्या वेशीतून आत जाईना. आता वेसच पाडावी की काय, यावर खल सुरू झाला. तेवढ्यात घरट्यासाठी काडी घेऊन एक चिमणी आली. फटीत काडी आडवी जाईना, तशी तिने ती चोचीत उभी धरली आणि गेली की आत! मग कुठे मंडळींच्या डोक्यात प्रकाश पडला. चिऊताई हुशार असते हे आपल्याला मेणाच्या घरापासून ठाऊक असतं. उल्मकरांना ते तुळई अडल्यावर कळलं. पण ही टवाळी त्यांनी लपवली नाही. उलट चोचीत काडी धरलेली तांब्याची चिमणी थेट मुख्य चर्चच्या छपरावर बसवली. गावच्या फुटबॉल संघालाही ‘चिमण्या’च म्हणतात.

ते चर्चही साधंसुधं नाही. १३७७ साली पाया घातला तेव्हा गावात दहा हजारांच्या आसपास माणसं, आणि चर्च बांधायला घेतलं ते वीस हजार मावतील एवढं. पैसा राजाचा नाही, बिशपचा नाही. गावकऱ्यांनी आपल्या खिशातून घातलेला. १५४३ मध्ये काम थांबलं ते तीनशे वर्षं थांबलंच. कळस चढला १८९० मध्ये, १६१.५३ मीटरवर. वर जायला ७६८ पायऱ्या आहेत. शेवटच्या टप्प्यात गोल जिना इतका आवळत जातो की खांदे दगडाला घासतात आणि डोळ्यांसमोर फक्त पुढच्याचे बूट. वर पोचल्यावर एका बाजूला उल्म, दुसऱ्या बाजूला नवं उल्म आणि मधून वाहणारी डॅन्यूब. १८१० पासून ही नदीच सरहद्द झाली आहे. पलीकडचं राज्य बव्हेरियाचं. १७ डिसेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं गाव जवळपास बेचिराख झालं, मनोरा मात्र उभा राहिला. जगातलं सर्वांत उंच चर्च हा मान २०२५ च्या ऑक्टोबरात बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाने हिरावून नेला. तेव्हा जेमतेम दीडएक मीटरने का होईना, गेला तो गेलाच.

मला मात्र मनोऱ्यापेक्षा इथला शिंपी जास्त आवडतो. आल्ब्रेख्त बेर्ब्लिंगर. कपडे शिवता शिवता या गृहस्थाने कृत्रिम पाय बनवला आणि मग पंख. १८११ च्या मे महिन्यात राजा गावात आला, तेव्हा नदीकाठच्या तटबंदीवरून उडून दाखवायचं ठरलं. पहिल्या दिवशी जमलं नाही. दुसऱ्या दिवशी, राजा निघून गेल्यावर, त्याने उडी घेतली ती थेट डॅन्यूबमध्ये. कोळ्यांनी बाहेर काढलं. गावाने त्याची इतकी चेष्टा केली की धंदा बसला, आणि १८२९ मध्ये तो कंगाल अवस्थेत वारला. चिमणीवर हसणं आणि जिवंत माणसावर हसणं यात फरक असतो, तो तेव्हा कुणाला सुचला नाही. खरं तर दोष पंखांचा नव्हताच म्हणे. थंड पाण्यावरची हवा खाली ओढते. १९८६ मध्ये तिथूनच नदी ओलांडायची स्पर्धा ठेवली, तर आधुनिक ग्लायडर घेऊन आलेलेही बहुतेक पाण्यातच गेले. आता त्याच्या नावाने पुरस्कार आहे, आणि २०२० पासून त्याच जागी नदीकडे झुकलेला एक मनोराही.

आइनस्टाइनही इथलाच, म्हणजे १८७९ मध्ये जन्मण्यापुरता. पुढच्याच वर्षी कुटुंब म्युनिकला गेलं. रस्त्याला दिलेलं त्याचं नाव नाझींनी बदललं, ते १९४५ मध्ये परत आलं. कारंज्यातला आइनस्टाइन जीभ बाहेर काढून बसलाय. या गावाला तेच शोभतं.

जुलैतल्या एका सोमवारी महापौर भर चौकात शपथ घेतात : गरीब-श्रीमंत दोघांशी सारखंच वागेन. ही १३९७ च्या सनदेतली. दुपारी अख्खं गाव डॅन्यूबमध्ये उतरतं. तराफे, रबरी होड्या, हाताला लागेल ते तरंगतं घेऊन. सजवलेल्या तराफ्यांवर वर्षभरातल्या कारभाराची यथेच्छ खिल्ली असते, आणि त्यात सकाळी शपथ घेतलेले महापौरही सुटत नाहीत. काठावर कोरडं उभं राहून नुसती मजा बघू म्हणणाऱ्यांवर बादल्या रिकाम्या होतात.